झाकण उघडा, मग फीत कापा

चिनीअण्णा नारळ फोडल्याशिवाय कुठल्याही यंत्राला हात लावत नसत. त्यातल्या एका नारळापायी आफ्रिकेतलं एक अख्खं खेडं तहानलेलं राहिलं!

अण्णा आमचे शेजारी. चौसाळ्याच्या अलीकडचं आमचं गाव. तिथून हा गडी बोअर पाडायच्या गाडीवर कामाला म्हणून थेट टांझानियाला गेला. चीन सरकारनं तिथल्या एका खेड्याला पाण्याची टाकी आणि पंप मदत म्हणून दिला होता. बोअर पाडलं अण्णांच्या गाडीनं. उद्घाटनाला मंत्री, चिनी साहेब, दोन्ही देशांचे झेंडे. फीत कापली आणि कुणी अडवायच्या आत अण्णांनी "आई राजा उदो उदो!" म्हणत नारळ पंपाच्या पेटीवरच आपटला. नारळाचं पाणी आत, फट्ट आवाज, धूर! सांगताना अण्णा उभे राहून बिडीचा धूरही काढून दाखवत.

पेटीतला विजेचा बोर्ड जळाला. चिनी साहेब नवा बोर्ड आणायला गेले, ते गेलेच. पेटीवरची अक्षरं चिनी, उघडायची कुणी? बाया पुन्हा पिवळे डबे घेऊन ओढ्याकडं.

"पण अण्णा, नारळ तुम्हीच फोडलात ना?" मी मुद्दाम डिवचायचो.

"व्हय, म्याच! पर बोर्ड कवा ना कवा जळणारच हाय की. टाकी दिली, पंप दिला, झेंडा लावला. तिथल्या एका माणसाला बी झाकण उघडून दावलं न्हाई. कावून बे?"

कावून, म्हणजे का! या प्रश्नानं त्यांनी गावाचं डोकं खाल्लं.

मग शहरातल्या कुणा दानशूरानं आम्हालाच पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं. मांडव, हार, भोंगा. अण्णा यंत्रासमोर फतकल मारून बसले. "आधी झाकण उघडा, गावातल्या दोन पोरींना शिकवा, मग फीत कापा!"

"अण्णा, पाहुणे खोळंबलेत. चावी यंत्र बसवणाऱ्या पुण्याच्या माणसाकडं हाय," सरपंच दात-ओठ खात म्हणाले. दोघांनी अण्णांना अलगद उचलून बाजूला ठेवलं, वर हारही घातला.

उन्हाळा लागायच्या आत यंत्र बंद पडलं. पुण्याचा माणूस फोन उचलेना. अण्णा रोज सकाळी पेटीवर टकटक करून यायचे आणि घसा सुकेस्तोवर शिव्या घालायचे. पावसाळ्यात ते गेले. पेटी बंदच.

परवा शाळेला कुणीतरी सौर दिवे दिले. फीत कापायच्या वेळी मी उठलो आणि ओरडलो, "आधी झाकण उघडा!"

दोघांनी मलाही उचलून बाजूला ठेवलं. हार मात्र घातला नाही.