पटावरची आठ नावं

ती सकाळ मी आजही विसरलेलो नाही. स्वातंत्र्यानंतरचं पहिलंच वर्ष होतं. मी तासगाव भागातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. ठाणे अंमलदाराने दारात सापडलेली बिनसहीची चिठ्ठी पुढे ठेवली. गावाचं नाव आणि खाली एकच ओळ : 'आज शाळेच्या रांजणातलं पाणी मुलांना देऊ नका.'

त्या गावच्या लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तरांनी महारवाड्यातली आणि रामोशी वस्तीवरची आठ मुलं पटावर घेतली होती. ती इतर गावांसारखी बाहेर ओट्यावर न बसता वर्गात बसत, आणि सगळ्यांना रांजण एकच. गाव आतून धुमसत होतं.

हवालदाराला घेऊन सायकलीवरून चार मैल गेलो. मधल्या सुट्टीला थोडाच अवकाश होता. मी रांजणात हात घातला. तळाशी गाळ लागला; वर काढून पाहिला तर वाटलेल्या विषारी धोतऱ्याच्या बिया. मास्तरांनी मुलांना रांजणापासून दूर केलं. कोणी पाणी प्यालं का, असं मी मुलांना विचारलं. मग एक मुलगी म्हणाली, "न्हाई जी. सुट्टीबिगर मास्तर पानी देत न्हाईत."

पंचनामा केला, पाणी बाटलीत घेऊन सील केलं. चावडीवर जबाब घेतले. कोणी काही पाहिलं नव्हतं. शेवटी हजेरीपट मागवला. त्या दिवशी एकच मुलगा गैरहजर होता, एका मोठ्या बागायतदाराचा नातू.

त्याच्या घरी गेलो तर तो अंगणात विटीदांडू खेळत होता. त्याच्या आजोबांना मी समोर बसवलं. पाण्याची सीलबंद बाटली त्यांच्यापुढे ठेवली. ते आवाज न चढवता म्हणाले, "कुनी मरावं आसं न्हवतं, सायेब. चार पोरं वकली आसती, शाळा बंद पडली आसती."

"मग नातवाला घरी का ठेवलंत?"

त्यांनी नातवाला आत जायला खुणावलं. दाराआड त्यांची सून पदर तोंडात धरून उभी होती; बोटांना शाई लागलेली. चिठ्ठी कोणी लिहिली ते मला उमगलं. तिला त्याच घरात राहायचं होतं; मी विचारलं नाही, चिठ्ठी कागदपत्रांनाही जोडली नाही.

म्हाताऱ्याला शिक्षा झाली. पण धास्तीने आयांनी मुलं घरीच ठेवली; त्या आठांपैकी तिघंच परत आली. गावातल्या इतर घरांचीही निम्मीच. मास्तर रोज सगळ्यांदेखत पहिला घोट स्वतः घेत. पट भरायला दिवाळी उलटावी लागली.

गुन्हेगार सापडला की भीती संपते, असं मी तोवर समजत होतो. आरोपीला मी एकदाच पकडलं. त्या आयांना मात्र रोज सकाळी नव्याने धीर करून लेकरू शाळेत धाडावं लागलं.