सैतान कुणाचा, दही कुणाचं

चार रिकामटेकडी माणसं एकाच बाकड्यावर रोज बसायला लागली की किस्से साठत जातात, माळ्यावरच्या सामानासारखे. काढून टाकावेत म्हटलं तर कुणीतरी म्हणतंच, "राहू द्या सर, लागतील कधीतरी." आता लागले, म्हणून सांगतो.

बाकडं छावणीतलं, होमीशेठच्या बॅटरीच्या दुकानापुढचं. होमीशेठ पारशी, वय ऐंशीच्या पुढं. आमच्या शहरात पारशी माणूस आता शोधून काढावा लागतो. समोरच्या छोट्या चर्चचे साळवे पास्टर दुपारी रस्ता ओलांडून चहाला यायचे. करमाडचा देशमुख वाळूजच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून थेट इथंच टेकायचा. आणि मी, कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेला, सकाळपासून बसलेलाच.

काडी मीच टाकली. बोलता बोलता म्हणून गेलो, की ज्यू लोक एके काळी इराणी बादशहांच्या राज्यात राहिले. देव आणि सैतानाचं भांडण, देवदूत, स्वर्ग-नरक, शेवटचा निवाडा, मेलेल्यांचं पुन्हा उठणं, यातलं बरंच काही तेव्हा जरथुष्ट्राच्या धर्मातून त्यांच्याकडं आलं असावं आणि तिथून ख्रिस्ती धर्मात उतरलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. लगेच हेही सांगितलं, की पारशांचे पुष्कळ ग्रंथ फार उशिरा लिहिले गेले, त्यामुळं कुणी कुणाचं घेतलं हे छातीठोकपणे सांगता येत नाय. होमीशेठनी पहिला भाग मन लावून ऐकला. दुसऱ्या भागाच्या वेळी त्यांना नेमकं गिऱ्हाईक आलं.

* * *

दुसऱ्या दिवसापासून मालकी सुरू. रविवारी चर्चमध्ये काय सांगितलं हे होमीशेठ सोमवारी पास्टरांना खोदून खोदून विचारायचे.

"देवदूत? आमचे. स्वर्ग? आमचा. सैतान? अरे बाबा, तो तर पयलेपासून आमचाच."

साळवे पास्टर थंड डोक्याचा माणूस. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बाकीचं निवांत बघू, होमीशेठ. पण सैतान तुमचा असला तर आजच्या आज घेऊन जा. आमच्या मंडळीत लई तरास देतोय."

* * *

एका रिक्षावाल्यानं बॅटरी आणली. पार मेलेली. होमीशेठनी दोन दिवस चार्जिंगला लावून ती जिवंत केली आणि पास्टर यायची वाट बघत बसले.

"बघा पास्टरसाहेब. मेलेलं उठवायचं कामसुद्धा मूळ आमचं."

"वॉरंटी किती देता?"

"सहा महिने."

"आमच्याकडं कायमची आहे," असं म्हणून पास्टर चहा न घेताच रस्ता ओलांडून गेले.

* * *

देशमुखाला या भांडणात काडीचा रस नव्हता. एक दिवस मात्र तो वैतागला.

"सर, एक सांगा. दूध आमच्या म्हशीचं, विरजण शेजारणीचं. दही कुणाचं?"

"ज्याच्या घरी लागलं त्याचं," पास्टर म्हणाले.

"विरजणाशिवाय लागलं असतं काय?" होमीशेठ.

"आन् दुधाशिवाय?" पास्टर.

देशमुख म्हणाला, "आमच्याकडं असं भांडत नाय कुणी. दही चांगलं लागलं की शेजारणीला वाटीभर देतात आन् विषय संपतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी पास्टर वाटीभर दही घेऊन आले. होमीशेठनी चमच्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि म्हणाले, "आंबट आहे." विषय संपला नाहीच.

* * *

नाताळच्या नाटकात बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून तिघं ज्ञानी येतात. पास्टरांना दरवर्षी माणसं मिळायची मारामार. होमीशेठ म्हणाले, "ते तिघं आमचे धर्मगुरू होते. तुम्ही त्यांना राजे करून टाकलं. मी येतो. पण मुकुट घालणार नाय."

पांढरा डगला आणि डोक्यावर पगडी घालून ते स्टेजवर आले. त्यांना एकच वाक्य होतं, "आम्ही पूर्वेकडून आलो आहोत." ते त्यांनी नीट म्हटलं. मग लोकांकडं वळून वर स्वतःचं जोडलं, "आणि तुमच्या सगळ्यांच्या आधी आलो आहोत."

टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. पास्टरांनी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं, म्हणजे बघा.

* * *

त्याच पहिल्या वर्षी नाटकानंतर संध्याकाळची उपासना झाली. प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती. उपासना संपली, दिवे लागले, सगळ्यांनी फू करून मेणबत्त्या विझवल्या. होमीशेठ मागच्या बाकावर मेणबत्ती धरून बसलेलेच.

पास्टर किल्ल्या घेऊन आले. "होमीशेठ, कुलूप लावायचंय."

"लावा. पण ही विझल्यावर. आम्ही अग्नीला तोंडानं फुंकर मारत नाय. उष्टा होतो तो."

झालं. पास्टर शेजारी बसले. मंडळीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या मार्थामावशी, घरी निघालेल्या, त्याही परत फिरल्या. "एकट्या म्हाताऱ्या माणसाला कसं टाकून जायचं," म्हणाल्या आणि आपली विझलेली मेणबत्ती त्यांच्या ज्योतीवर पुन्हा लावून बसल्या. पुढच्या वर्षी मावशींच्या सुनाही बसल्या. नंतर पास्टरांनी पुढं वाळूनं भरलेली परातच ठेवली. मेणबत्ती तिच्यात खोचायची आणि आपली आपण विझू द्यायची.

"पाह्यलं?" होमीशेठ म्हणाले. "हे आमच्याकडून घेतलं."

"काहीतरीच काय," पास्टर म्हणाले. "फरशीवर मेण सांडतं म्हणून केलंय. सोय आहे ती."

दोघंही निकालासाठी माझ्याकडं वळले. मी म्हणालो, "पुरावा कमी पडतो." दोघंही आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

* * *

होमीशेठची लेक शिरीन पुण्यात, मोठ्या नोकरीत. तिच्या वाढदिवसाला व्हिडिओ कॉल आला. आम्हीही मागून डोकावत होतो. केक आला, सगळे गायले आणि शिरीननं एका दमात सगळ्या मेणबत्त्या फुंकून टाकल्या.

होमीशेठनी फोन बंद केला. तिनं पुन्हा लावला तेव्हा म्हणाले, "नेटवर्क गेलं होतं, डिकरी."

आम्हाला म्हणाले, "घरातच राह्यलं नाय, तर बाहेर कुणाला काय सांगायचं?" त्या दिवशी पास्टरांनी सैतानाचा विषय काढला नाही.

* * *

मागच्या पावसाळ्यात होमीशेठ दुकानाच्या पायरीवरून पडले. हाड वाचलं, पण शिरीननं ठरवलं, की नाताळ झाला की बाबांना पुण्याला न्यायचं. दुकान दुसऱ्याला दिलं. सामान बांधायला घेतलं.

एका दुपारी ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "सर, सैतान-बितान जाऊ द्या. मी गेलो की या गावात आमचं काय राहणार? बोर्डसुद्धा उतरेल."

देशमुख घड्याळ बघायला लागला. पास्टरांनी सगळ्यांचे रिकामे कप गोळा करून एकात एक रचले. मला लई वाईट वाटलं, खरं सांगतो.

* * *

नाताळला शिरीन न्यायला आली. होमीशेठनी डगला घातला, पूर्वेकडून शेवटचे आले, आपलं जोडवाक्य म्हटलं. मग उपासनेला मागच्या बाकावर बसले. शेजारी शिरीन, तिच्या पलीकडं मार्थामावशी, मावशींच्या शेजारी मी आणि देशमुख.

उपासना संपली, दिवे लागले. दाराशी गाडी उभी होती, शिरीनला घाई होती. तिनं मेणबत्ती तोंडापाशी नेली आणि गाल फुगवले.

मार्थामावशींनी तिचं मनगट धरलं.

"अगं बाई, फुंकू नको. आमच्यात फुंकत नसतात."

शिरीन फुगवलेल्या गालांनीच त्यांच्याकडं वळली.

"लई जुनी रीत हाय आमची," मावशी म्हणाल्या. "पार येशूच्या वेळेपासूनची. ती परात दिसती का? तिथं खोच."

मी होमीशेठकडं बघितलं. होमीशेठ पास्टरांकडं बघत होते. पास्टर परातीतली वाळू हातानं सारखी करत होते, मान काही वर करेनात. होमीशेठनी तोंड उघडलं. देशमुखानं माझा हात दाबला. आता निघतंय सगळं, असं वाटलं.

होमीशेठनी तोंड मिटलं. मग लेकीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मावशी सांगतात तसं कर, डिकरी. त्यांची रीत आहे."