खोडलेला ‘अ’

औशाच्या मोंढ्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत स्वतःच्या पराभवाची एवढी जाहिरात करणारा दुसरा माणूस झाला नाही. लोक हार झाकतात, हे गृहस्थ ती तुऱ्याच्या फेट्यासारखी मिरवायचे. ते माझ्या मित्राचे वडील. सगळी वस्ती त्यांना पैलवानबाबा म्हणायची. ऐन जवानीत त्यांनी जिल्ह्याची गदा मारली होती. ती गदा मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा अंगणात उलटी रोवलेली होती आणि तिला शेळी बांधली होती. बक्षिसाच्या फेट्यांची नातवंडांसाठी झोळी झाली होती. कुणी दंड बघून वाहवा केली की बाबा लगेच सदरा सरकवून उजवा खांदा दाखवायचे. शेवटच्या कुस्तीत एका पोरसवदा गड्याने त्यांना असं आपटलं होतं की तो खांदा जो निखळला, तो पुन्हा कधी नीट बसला नाही. तेव्हापासून त्यांना पाठीवर निजता येत नसे; उजवा खांदा जमिनीपासून चार बोटं वरच राहायचा.

त्या कुस्तीनंतर ते खाटेवर पडले आणि खांद्यावर घेऊन नाचणारे सगळे पांगले. तालमीतलं कुणी फिरकलं नाही. आली ती प्रार्थनेला जाणारी एक म्हातारी बाई. ती रोज यायची, पेज भरवायची आणि येशूचं नाव घेऊन उठून जायची. बाबा सांगायचे, “जिंकत व्हतो तवर मी पैलवान व्हतो. हरलो तवा कळलं, मी कुणाचं तरी लेकरू हाय.” पुढे ते ख्रिस्ती झाले आणि चावडीवर गेले तरी ‘सलाम’ करून सरळ उभे राहायचे, कुणापुढे वाकायचे नाहीत. मी बौद्ध घरातला, चळवळीतला. देव मला मान्य नाही आणि हे मी त्यांना तोंडावर सांगायचो. ते हसायचे. म्हणायचे, “तू नको मानू. त्यानं तुला मानलंय, बास झालं.” खांद्याबद्दल विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे: “येशूसंगं कुस्ती चालू हाय. एक खांदा टेकलाय. दुसऱ्यात अजून गर्व हाय, म्हणून टेकंना. दोन्ही टेकले की मी चितपट.”

त्यात उस्मानाबादेतून तुटून लातूर जिल्हा नवा झाला. उस्मानाबादेत पदं मिरवणारे आमच्याकडचे पुढारी एका रात्रीत बिनपदाचे झाले आणि नव्या खुर्च्यांसाठी लातूरला पळू लागले. बाबांना भारी मौज वाटली. “बघ,” ते म्हणाले, “सरकारनं एक रेघ मारली आन् माझी गदा परक्या जिल्ह्याची झाली. असल्या गदेवर काय भार टाकावा माणसानं?” पुढाऱ्यांची ही धावपळ चालू असताना पाऊस दडी मारून बसला होता. आमच्या वस्तीची विहीर तळाला गेली. गावातल्या विहिरीवर आमच्या बायकांनी तेव्हाही लांब उभं राहायचं, कुणी वाढलं तर घ्यायचं. स्वातंत्र्य मिळालेल्या देशात! मी त्यावर पत्रकं काढली, मोर्चा नेला. शेवटी कळलं की आमच्या भागाला एकच हापसा मंजूर आहे, आणि तो कुठे बसवायचा ते नव्या जिल्ह्याचे साहेब स्वतः येऊन ठरवणार आहेत. साहेब कुस्तीचे शौकीन आहेत, असंही कळलं. मग काय, मी पत्रक लिहिलं. ‘मराठवाड्याचा अपराजित पैलवान ज्या वस्तीत राहतो, ती वस्ती तहानलेली!’ अपराजित नव्हते, मला माहीत होतं. पण विशेषण कमी पडलं की सभा पडते, हे चळवळीत पहिल्या वर्षीच शिकतो माणूस.

रात्रीतून आम्ही स्टँडपासून शाळेपर्यंत भिंती रंगवल्यासारखी पत्रकं डकवली. सकाळी पाहतो तर प्रत्येक पत्रकावर एकाच जागी काळा डाग. चुलीतला कोळसा घेऊन बाबांनी गावभर फिरून ‘अपराजित’मधला ‘अ’ तेवढा खोडला होता. बाकी मजकुराला धक्का नाही. मी तणतणत घरी गेलो, तर हे शेळीला पाला टाकत होते.

“बाबा, हापसा जाईल आपला. काय केलंत हे?”

“दुरुस्ती केली. एक अक्षर जास्तीचं झालतं.”

दुपारी लिंबाखाली सगळी वस्ती जमली. साहेबांनी पत्रक हातात घेतलं, मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढला. “पराजित पैलवान? ही काय छापखान्याची चूक?” मी ‘होय’ म्हणायला उठलोच होतो. त्याआधी बाबा उठले.

“न्हाई साहेब. चूक व्हती, ती खोडलीय. मी हरलेला माणूस हाय. ज्यानं उचललं त्याच्या जिवावर हुबा हाय, दंडाच्या जिवावर न्हाई. तवा पानी द्यायचं तर तहान बघून द्या. माझ्या कुस्त्या बघून दिलं, तर पल्याडच्या लमाणांच्या तांड्यात एकबी पैलवान न्हाई. त्यांनी काय प्यावं?”

बायकांनी हातातले हंडे खाली ठेवले. साहेबांनी पत्रकाची घडी घातली आणि विचारलं, “तांडा कुठे आहे?”

हापसा बसला तो आमची वस्ती आणि तांडा यांच्या मधल्या माळावर. हातात आलेलं पाणी यांनी अर्धं वाटून टाकलं म्हणून मी पंधरवडाभर बाबांशी बोललो नाही. आमच्या बायकांना तेवढं चालावं लागलं, हे मी आजही विसरलेलो नाही. पण एक सांगतो: पाणी हा हक्क आहे, बक्षीस नाही, हे मी कित्येक पत्रकांत लिहिलं आणि त्या दिवशी मीच बक्षीस मागायला उभा होतो. हक्क मागितला तो त्यांनी, आणि तोही त्यांच्या देवाच्या जिवावर उभं राहून. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले. कबर खणायला घेतली तर माळ दगडासारखा, कुदळ उडून अंगावर यायची. मित्र हताश होऊन कडेला बसला. तेवढ्यात तांड्यावरच्या बाया हापशाचे भरलेले हंडे डोक्यावर घेऊन रांगेने आल्या आणि त्यांनी ते पाणी त्या खड्ड्यात ओतलं. त्या दिवसांत पाणी मातीत ओतायचं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. जमीन भिजली, मऊ झाली, कुदळ चालली.

पेटीचं झाकण लावण्याआधी मी वाकून पाहिलं. बाबा पाठीवर निजले होते, चेहरा निवांत. दोन्ही खांदे टेकले होते.