गोदावरीबाईंचा खिशातला पट

अमरावतीच्या अंबापेठेत बापूसाहेब वकिलांच्या घरी दुपारी दोनला काय होतं, हे अख्ख्या आळीला पाठ होतं. बापूसाहेब बैठकीत तक्क्याला टेकायचे, शिसवी पट मांडला जायचा आणि आत हाक जायची, "सूनबाई, या हरायला!" हाक थट्टेची असली तरी खोटी नव्हती. त्यांची सून गोदावरी अकरा वर्षं रोज दुपारी त्या पटावर हरत आली होती.

आता ही बाई बुद्धिबळात कच्ची होती असं कोणाला वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. ती अकोल्याची. वडील, अण्णा, शाळेत मास्तर आणि बुद्धिबळाचे वेडे. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मुलीलाच खेळ शिकवला, आणि एकटी खेळणार कोणाशी, म्हणून शेजारच्या कौशल्येलाही शिकवला. अण्णांच्या ओट्यावर एक रिवाज होता. राजावर शेवटचा शह प्याद्यानं देऊन मात केली, की पेढे वाटायचे. वजिरानं काय, कोणीही मारतं. प्याद्यानं मारायला अक्कल लागते, असं अण्णा म्हणत. दोघी पोरींनी प्यादेमातीसाठी जिवाचं रान केलं, पण एकीलाही ती साधली नाही. तेवढ्यात गोदावरीचं लग्न झालं.

सासरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी कौतुकानं तिला पटावर बसवलं आणि तिनं त्यांना तासाभरात हरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बापूसाहेब त्या संध्याकाळी जेवले नाहीत. सासूबाई पार्वताबाईंनी तिला चुलीपाशी बोलावून घेतलं.

"पुरुषमाणसाले जेवू घालायचं असते, बाई, उपाशी ठेवायचं नसते. उद्यापासून हरत जाय."

तिनं खाली मान घालून "हो" म्हटलं, आणि त्या एका "हो"त अकरा वर्षं गेली. पार्वताबाई वारल्या, बापूसाहेबांची वकिली सुटली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले, मोहरे चाचपून खेळायची वेळ आली, पण दोनचा डाव काही सुटला नाही. शिवाय वकिलाला फसवणं सोपं नसतं. वजीर उगाच मारू दिला तर ते लगेच म्हणत, "सूनबाई, ध्यान कुठं आहे?" म्हणून हरायचं तेही झुंजून, घाम गाळून. समोर जिंकणारी खेळी लख्ख दिसत असायची आणि हात दुसऱ्या मोहऱ्याकडे न्यावा लागायचा. कोणाकडे दुपारचं हळदीकुंकू असो की शिवणाचा वर्ग, गोदावरीबाई कुठेच नसायच्या. नवरा हरिहर, तोही वकीलच, कोर्टातून आल्यावर म्हणायचा, "तुझं बरं आहे. दुपारभर बसून खेळाले भेटते." तोंड दाबून बुक्क्यांचा मार कसा असतो हे तिला अशा वेळी कळे. कधीकधी तिला वाटे, तो पट उचलावा आणि चुलीत घालावा.

एकोणीसशे बासष्ट साली चुलत भाच्याच्या मुंजीसाठी तिला चार दिवस अकोल्याला जायला मिळालं. कौशल्या तिथंच मुलींच्या शाळेत शिकवत होती. लग्न केलं नव्हतं, खोली स्वतःची, कुलूप स्वतःचं. मुंजीच्या दुसऱ्या दिवशी तिनं गोदावरीला ताजनापेठेत ओढत नेलं.

"चाल, तुले एक गंमत दाखवतो."

दुकान खेळांच्या सामानाचं होतं. बॅडमिंटनची फुलं, कॅरमच्या सोंगट्या आणि कपाटात वरच्या फळीवर एक छोटीशी पेटी. पुस्तकासारखी उघडणारी, तळहातावर मावेल एवढी. आत चौसष्ट घरं, प्रत्येक घराला एक भोक, आणि प्रत्येक मोहऱ्याच्या बुडाला बारीक खुंटी. मोहरा भोकात रोवला की पेटी मिटा, उलटी करा, आगगाडीत न्या, डाव जागचा हलत नाही.

"मुंबईचा माल आहे," दुकानदार म्हणाला. "रेल्वेचे साहेबलोक नेतात. खिशात राहते. पोराले पाह्यजे का, बाई?"

"नाही, आमाले पाह्यजे," कौशल्या म्हणाली.

दुकानदारानं दोघींकडे असं पाहिलं, जणू त्यांनी हजामतीचा वस्तरा मागितला होता. गोदावरीनं पेटी उलटी धरून पाहिली. राजा जागचा हलला नाही. अकरा वर्षांत तिला कोणत्या वस्तूची अशी हाव सुटली नव्हती. पेटी एकच उरलेली होती. दोघींनी अर्धे अर्धे पैसे घातले आणि बाहेर आल्यावर कौशल्येनं ती तिच्याच हातात कोंबली.

"तू ठेव. मी कागदावर पट आखून चिंचोके मांडीन. मले कोणापासून लपवायचं आहे? तुले लपवायचं आहे. पोस्टकार्डावर डाव खेळू, अन् खरा खेळू. मले उगाच जिंकू देशील तर याद राख."

लुगड्याला खिसा नसतो हे पेटी बनवणाऱ्या साहेबाच्या ध्यानात आलं नसावं. गोदावरीनं ती शिवणाच्या टोपलीत, दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवली.

टपाल अकराला यायचं, तेव्हा हरिहर कोर्टात असायचा. कार्डावर घरादाराची खुशाली, लोणच्याचा प्रकार आणि शेवटी एक ओळ, 'राजाच्या उंटापुढचं प्यादं एक घर.' आठवड्याला दोन खेळ्या पुढे सरकत. रात्री निजानीज झाली की गोदावरी टोपली पुढ्यात ओढे, पेटी उघडे आणि विचार करी, इथं जिंकायचं आहे. जिंकायचा विचार करताना तिला आधी भीतीच वाटली. मग भूक लागावी तशी सवय झाली.

चार महिने असे गेले. एका सकाळी बापूसाहेबांचा अडकित्ता सापडेना. सून विहिरीवर होती. ते चाचपडत आत आले आणि टोपलीत हात घालून शोधू लागले. गोदावरी घागर घेऊन आली तेव्हा पेटी त्यांच्या मांडीवर उघडी होती आणि त्यांची बोटं एकेका मोहऱ्यावरून फिरत होती. खुंट्या घट्ट, त्यामुळे एकही घर चुकलं नाही. आगगाडीतल्या साहेबासाठी केलेली सोय आंधळ्या म्हाताऱ्याच्या कामी आली.

"पांढरं कोणाचं?"

"माझं, मामंजी."

"समोर कोण?"

"कौशल्या. अकोल्याची."

आता डोक्यावर आभाळ कोसळणार, असं तिला वाटलं. पण म्हाताऱ्याचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. "मले सांगायचं नाही का? इथं मी एकाच माणसाशी खेळून खेळून कंटाळलो! तुमचा घोडा अडकला आहे, सूनबाई. आणा कार्ड. लिहा, हत्ती मागं."

तिनं लिहिलं. त्या दिवसापासून पेटी बापूसाहेबांच्या उशीखाली गेली. खेळी ते सांगत, अक्षर तिचं, नाव तिचं. रागावले असते तरी परवडलं असतं. त्यांनी तिच्यावर प्रसन्न होऊन तिच्याजवळचं उरलंसुरलं काढून घेतलं, आणि हे कोणाला सांगावं तर लोक म्हणणार, केवढा हौशी सासरा मिळाला!

महिन्याभरानं कौशल्येचं कार्ड आलं. 'गोदे, तुझा हात फार सुधारला. पण लहानपणी तू अशी खेळत नव्हतीस.'

ते कार्ड गोदावरीनं चुलीपुढे बसून तीनदा वाचलं. तिला इतकी शरम वाटली की पोळी करपली तरी कळलं नाही. दुपारी बापूसाहेबांनी सांगितलं, "लिहा, वजीर दोन घरं डावीकडं." तिनं "बरं" म्हटलं आणि लिहिलं, 'घोडा राजाच्या बाजूला.' म्हाताऱ्याला अक्षर दिसत नव्हतं.

झालं, तिथून डावाला दोन फाटे फुटले. कौशल्येची खरी उत्तरं ती मनात ठेवी आणि बापूसाहेबांना त्यांच्या पेटीला जुळेल असं काहीतरी वाचून दाखवी. म्हणजे आता कौशल्येच्या वतीनंही हरणं तिच्याच माथी आलं. बापूसाहेबांनी अकोलेवालीला दोनदा मात केली आणि जो येईल त्याला सांगितलं, "मास्तरीण आमच्या सूनबाईहून कच्ची आहे." खरा डाव गोदावरीच्या डोक्यात चालला होता. पट नव्हता, पेटी नव्हती. पोळ्या लाटताना, भांडी विसळताना, कधी तर पटावर सासऱ्यांशी हरतानासुद्धा ती तो डाव मांडून पाही. एखादा उंट कुठल्या घरात आहे हे आठवेना, की जीव कासावीस व्हायचा.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी कार्ड आलं. एरवीसारखी खुशाली नव्हती, लोणचं नव्हतं. 'गोदे, तुझी प्यादेमात ठरली. मी पाच दिवस ती चुकवायची वाट शोधली. नाही. अण्णा असते तर सगळ्या गल्लीत पेढे वाटले असते. मी इथं एकटीनं कोणाले वाटू?'

"काय लिहिते अकोलेवाली?" बैठकीतून आवाज आला.

गोदावरी उंबरठ्यावर उभी होती. हे वाक्य मोठ्यानं वाचावं, एकदाच, घरातल्या भिंतींनी तरी ऐकावं, असं तिला फार वाटलं. तिनं ओठ उघडले.

"उंट मागं घेतला म्हणते," ती म्हणाली.

दोन वाजले. पट मांडला. त्या दुपारी ती अशी खेळली, जशी अकरा-बारा वर्षांत खेळली नव्हती. बापूसाहेबांचा वजीर तिनं आमिष दाखवून दूर नेला, त्यांचे हत्ती अडवले, आपल्याच राजाला एकेक घर सरकवत कोपऱ्यात आणलं, आजूबाजूची घरं आपल्याच मोहऱ्यांनी बुजवली, आणि त्यांच्या एका प्याद्याला वाट करून दिली. हे त्यांच्या ध्यानात येऊ न देता करायला सव्वादोन तास लागले. शेवटी बापूसाहेबांनी ते प्यादं चाचपलं, पुढं सरकवलं आणि पटावर वाकून आजूबाजूची घरं बोटांनी चाचपत राहिले.

"सूनबाई... ही प्यादेमात!" त्यांचा आवाज फाटला. "आयुष्यात पहिल्यांदा! हरिहर आला की पहिले त्याले बाजारात पाठवा. पेढे आणा, तुमच्या अण्णांच्या रिवाजानं आळीत वाटा!"

संध्याकाळी पेढे आले. आळीतल्या घराघरात गेले. लोकांनी म्हाताऱ्याच्या पाया पडून तोंड गोड केलं. गोदावरी देवापुढं पेढा ठेवून आली, मग अण्णांच्या नावानं एक बाजूला काढला, आणि सगळ्यांसमोर खाली बसून स्वतः एक खाल्ला. मग आणखी एक घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. बापूसाहेबांना ते दिसत नव्हतं, पण पुड्याचा कागद दुसऱ्यांदा वाजलेला ऐकू आला.

"हरलेल्याले इतकं गोड लागते का, सूनबाई?"

"आज लागलं, मामंजी," ती म्हणाली आणि पुडा बांधून ठेवायला उठली. उद्या दोनला पट मांडायचाच होता.