पहिल्या तीन शब्दांचे साडू

आमच्या साडूंइतका सुरुवातीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. मजकूर पुढे कुठे जातो, संपतो की नाही, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. रेवदंड्याच्या बाजारात त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. तिथल्या कम्प्युटरवर त्यांना एकदा एक सोय सापडली. प्रकरण सुरू झालं की त्याचे पहिले तीन शब्द आपोआप मोठे, ठळक आणि लालभडक होतात. तेव्हापासून हाताने एखादा शब्द ठळक करणं त्यांना कमीपणाचं वाटू लागलं. "एकदा सांगून ठेवलं की मशीन विसरत नाही. माणसं विसरतात," असं ते माझ्या मेव्हणीकडे बघत म्हणतात.

मच्छीमार सोसायटीच्या अहवालात 'यंदा आपल्या सोसायटीला' एवढं डोळ्यांत भरेल असं आलं आणि 'तोटा झाला' हे मुंगीएवढं. अध्यक्ष इतके खूश, की पुढच्या अहवालाचं कामही तिथेच सांगून गेले. लग्नपत्रिकेत मात्र 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' पानभर पसरलं आणि नवरी कोपऱ्यात गेली. "पोरीचं नाव काय भिंग घिऊन शोधू?" वधूपिता कडाडले. साडू शांतपणे म्हणाले, "मग तिच्या नावानं सुरुवात करा. देव समजून घेईल."

त्यांचे वडील एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, उभी हयात म्हसळ्याच्या रस्त्यावर गेलेली. बाबांच्या आठवणींचं पुस्तक करायचं साडूंनी मनावर घेतलं. काचबिंदूनं बाबांची नजर झपाट्यानं चालली होती, आणि ती जायच्या आत त्यांना ते स्वतः वाचता यायला हवं होतं. पहिलं पान हातात घेऊन बाबा म्हणाले, "'पहाटेची गाडी काढली'... येवढंच दिसतंय रं. फुडचं न्हाय दिसत."

साडूंनी तिथल्या तिथे मशीनला सांगितलं, की आता अख्खा परिच्छेद हीच सुरुवात. मी आपलं शहाणपण पाजळलं, "सगळंच मोठं केलंत तर सुरुवात कुठली, ते कळणार कसं?"

"बाबा कुठूनही सुरुवात करतील," पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले.

पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही. बाबा रोज सकाळी दुकानात येतात, कागदाला नाक लावून वाचतात, आणि अडले की साडू अक्षर आणखी वाढवतात. परवा मी गेलो तो थट्टा करायच्या तयारीनंच. पण आता एका पानावर एकच शब्द मावत होता आणि बाबा त्यावर बोट ठेवून तो लावत बसले होते. साडू प्रिंटरमध्ये आणखी कागद भरत होते.