पाऊण तासाची चूक

माझी आत्या मनुबाई ओहोटीला ठाण्याच्या खाडीत उतरून चिंबोऱ्या पकडते. पाणी कधी चढणार ते ती तिथीवरून काढते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहा वाजता.

पण पाऊणपटच का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून तिने मोबाईलवर बोलून गणिताच्या एका ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला. सलिल नावाच्या माणसाचं उत्तर आलं, "इथे गृहपाठ करून मिळत नाही. आधी स्वतः काय प्रयत्न केलात ते लिहा."

आत्याचं डोकं फिरलं. तिने तसंच बोलून उत्तर टाकलं, "चाळीस वर्षं गुडघाभर चिखलात प्रयत्न करतेय. अजून बुडाले नाय."

मग मात्र सलिलने नीट गणित मांडलं. चंद्रामुळे भरती दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं पुढे जाते आणि तुम्ही पंचेचाळीसच धरता. रोज तीन मिनिटं राहून जातात, पौर्णिमेला पाऊण तासाची चूक होते. "रीत बदला," असं त्याने शेवटी लिहिलं.

मी म्हटलं, "आत्ये, बरोबर आहे त्याचं."

"असंल की." तिने मोबाईल तोंडाजवळ धरला. "समजावलंस ते बरं केलंस, बाबा. पण तुझ्या हिशोबाने पाणी आणि मी एकाच वेळी पोचू. माझ्या चुकीने मी पाऊण तास आधी घरी असते. माझी चूक तशीच राहू दे."