सरांची खुडूक पेटी

हा लेख मी लई दिवस टाळला. गौरवअंकाच्या मंडळींनी निरोपावर निरोप धाडले. मी कधी औंढ्याच्या जत्रेत दिव्यांच्या माळा सोडत होतो, कधी एका ओळखीच्याच्या टेम्पोवर नांदेडला होतो. शाळा माझी नववीतच सुटली. सरांसारख्या माणसावर आपण काय लिहावं, ही धास्तीही होती. पण खरं कारण वेगळं आहे. उत्तमराव सरांविषयी लिहायचं म्हटलं की त्या डावऱ्या धनुष्याविषयी लिहावं लागतं, आणि तिथं हात अडतो. आज त्यांच्याच ओसरीवर बसून लिहून टाकतो. सर मागं मळ्यात आहेत, काकू आत दळण निवडून राहिल्यात.

हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, त्या सालची गोष्ट. मी मंडपवाल्याकडं बल्ब लावायच्या कामाला होतो. डोंगरकड्यातल्या एका लग्नात सर माझ्या शिडीखाली येऊन उभे राहिले.

"जुने होल्डर असतील का, बाळ?"

"लग्न कुणाकडं हाय, सर?"

"लग्न न्हाई. धनुष्य भाजायचंय."

मला वाटलं, मास्तर सरकलेले दिसतात. पण होल्डर घेऊन मी त्यांच्यामागं गेलो, तो मंडपवाल्याकडं हंगामभर परत गेलोच नाही. तो मंडपवाला अजून मला बघितलं की तोंड फिरवतो, ते असो.

सर शाळेत खेळाचे शिक्षक. पोरांना तिरंदाजी शिकवायचे. बांबूच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्याचा गोंद दोन डब्यांतून काढून एकत्र कालवायचा. तो तासन्‌तास सारख्या उबेत राहिला तरच दगडासारखा धरतो. त्यासाठी ही पेटी. धनुष्याच्या लांबीची, प्लायवूडची, आत बल्बांची रांग, ताप वाढला की बल्ब आपोआप बंद करणारा जुन्या इस्त्रीतला तुकडा, आणि भोकातून खुपसलेला थर्मामीटर. आधी आतून थर्माकोल लावला, तर तो बल्बांपाशी वितळून खाली आला. मग तेलाचे डबे उघडून पत्रा ठोकला आणि वरून काकूंच्या गोधड्या टाकल्या.

काकू म्हणायच्या, "पेटीला गोधडी अन् मला पोतं. हिच्यासंगच लग्न लावायचं होतं तुमी!"

सर नेमके त्याच वेळी थर्मामीटर बघत असायचे.

गावाला वाटलं, सरांनी पिलं काढायचं यंत्र केलं. शेजारच्या मावशी पदरात अंडी घेऊन आल्या. "माझी कोंबडी काही अंड्यांवर खुडूक बसंना, सर. ही ठेवता का तुमच्या पेटीत?"

"मावशी, इतक्या तापात उकडून निघतील की."

"मग उकडून तरी द्या. आलेच हाय तर!"

सरांनी खरंच ठेवली, आणि बरोबर मीठही दिलं. तेव्हापासून पेटीचं नाव खुडूक पडलं. लाइट गेली की पोरं ओरडायची, "सर, खुडूक उठली!"

ही सगळी खटपट होती शेवंतासाठी. शेवंता जवळच्या तांड्यावरची, सातवीतली, डावरी. शाळेतली धनुष्यं उजव्या हाताच्या पोरांसाठी घडवलेली. बाण टेकवायची खाच एकाच अंगाला. तिला ती हातात बसायची नाहीत. कुणीतरी म्हणालं, लावा उजव्या हाताची सवय. सर म्हणाले, "तिचा हात काहून बदलता? धनुष्य बदलू." नव्या जिल्ह्याचा संघ निवडायचा होता, आणि शेवंता त्यात बसणार याची सरांना खात्री होती.

पहिलं डावरं धनुष्य पेटीत असताना भरदुपारी लाइट गेली, ती दिवस कलल्यावर आली. दिसायला धनुष्य झकास होतं. पण नवं धनुष्य आधी स्वतः ओढायचं, मगच लेकराच्या हातात द्यायचं, हा सरांचा नेम. त्यांनी डाव्या हातानं ओढलं आणि पट्ट्या सुटून धनुष्य त्यांच्या भुवईवर फुटलं. रक्त पुसत म्हणाले, "बरं झालं. माझ्याच तोंडावर फुटलं." आजही ती भुवई मधे तुटलेली दिसते.

दुसऱ्या खेपेला लाइट गेली तेव्हा काकूंनी चुलीत विटा तापवल्या. मी सांडशीनं आत सारत होतो, सर थर्मामीटरवरची नजर काढत नव्हते. ते धनुष्य साधलं. सरांनी मनाजोगं ओढून बघितलं, धोतराच्या पानात गुंडाळलं आणि आम्ही तांड्यावर गेलो.

तिचे वडील दारात होते. "सर, तुमाला उगंच तकलीफ झाली. शेवंताला काल परभणीकडं धाडलं. तिच्या बहिणीला लेकरू झालं, सांभाळायला कुणी न्हाई."

सरांनी धनुष्य काखेत सारलं. मग एवढंच विचारलं, "लेकरू बरं हाय ना?"

शेवंता परत आली नाही. तिथूनच तिचं लग्न लागलं, असं पुढं कानावर आलं. त्या पेटीतून नंतर कितीतरी धनुष्यं निघाली, ती घेऊन पोरं मोठ्या मैदानांवर गेली. या अंकात त्यांचे लेख असतीलच. ते डावरं धनुष्य मात्र सरांच्या खोलीत भिंतीवर आहे. "दुसऱ्या अंगाला खाच पाडून कुणाला तरी द्या," असं मीच एकदा म्हणालो. सर म्हणाले, "ते दुसऱ्याचं हाय."

साठी साजरी करायची म्हटल्यावर त्यांनी आधी नकारच दिला. "ज्या पोरीसाठी पेटी केली, तिलाच उशीर केला. गौरव कशाचा करून राहिले तुमी?"  पहिल्याच दुपारी विटा सुचल्या असत्या तर, असं मलाही वाटत राहतं. आता शेवंता विशीच्या घरात असेल. सातवीतल्या पोरीच्या मापाचं धनुष्य तिला आखूड पडेल.

सरांचे गुडघे त्यांना पुढंही मळ्यापर्यंत नेत राहोत, पट्टीची जाडी त्यांच्या बोटांना बराबर कळत राहो, काकूंना त्यांच्या गोधड्या परत मिळोत, आणि उशीर झाल्याचा तो सल सरांच्या मनातून निघून ते आमच्यात लई वर्षं राहोत, एवढंच मागतो.

खाली नाव घालणार, तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबलाय. हिरव्या लुगड्यातल्या एक अनोळखी बाई आत येऊन विचारून राहिल्यात, "डावरीचे सर इथंच राहतात का? मी तिची सासू. ती मागं ऑटोत बसून हाय, पाय उचलंना तिचा." काकू दळण टाकून मळ्याकडं धावल्यात.